हार दिसला की मान पुढे

चहा आधी संपवा, मग सांगतो. मध्येच हसू आलं आणि चहा नाकातून आला, तर मला पुन्हा कुणाची तरी माफी मागावी लागेल. त्या दिवसापासून माफी मागून मागून माझी जीभ झिजली आहे हो!

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचंय आणि तिथंच साड्या विकायच्यात. चौकात माझं साड्यांचं दुकान. शिवाय मी व्यापारी मंडळाचा उपाध्यक्ष. लोक मधुकरशेठ म्हणतात.

माझे दोन गुण अख्ख्या गावाला माहीत आहेत. पहिला म्हणजे, माझा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नाही. दूधवाला हसला की मी पातेल्यात बोट बुडवून बघतो. बायकोनं न मागता चहा दिला की विचारतो, "काऊन वं, माहेरचं कोण येऊन राह्यलं?" तुम्ही हसाल, पण निम्म्या वेळा कोणीतरी येतच असतं!

दुसरा गुण म्हणजे सत्कार. आता आमच्या भागात सत्काराशिवाय काही होतच नाही, त्याला मी काय करू? शाळेचं गॅदरिंग, गणपती मंडळ, कटिंगच्या दुकानाचं उद्घाटन, कुठंही जा, शाल, नारळ, हार तयार. घरात शालींची एवढी थप्पी झाली की आमच्या शोभानं त्यांच्या उशांच्या खोळी शिवल्या. मी रात्री सत्कारावरच झोपतो म्हणा ना!

सवय अशी झाली होती की कुणाच्या हातात हार दिसला की माझी मान आपोआप पुढे व्हायची. डोळे मिटायचे. हार गळ्यात पडला की हात माईककडे जायचा आणि ठरलेलं भाषण तोंडातून बाहेर पडायचं. "या पवित्र कार्यात मी तन-मन-धनानं, शेवटच्या श्वासापर्यंत तुमच्यासोबत आहे!" टाळ्या. नारळ काखेत. घरी.

हे दोन गुण वेगवेगळे होते तोवर ठीक चाललं होतं. त्या दिवशी ते एकत्र आले.

झालं असं, की आमच्या आठवडी बाजाराचं मैदान एका मोठ्या कंपनीला मॉलसाठी द्यायचं घाटत होतं. त्याविरुद्ध चौकात, बरोबर माझ्या दुकानासमोर, पेंडॉल पडला. बाजारात बसणाऱ्या बाया, हमाल, कॉलेजची चार पोरं, लाल झेंडे, निळे झेंडे. "बाजार आमच्या हक्काचा!" आणि "भांडवलशाही मुर्दाबाद!" सकाळी सुरू व्हायचं ते संध्याकाळी संपायचं. साखळी उपोषण! म्हणजे रोज एक माणूस दिवसभर उपाशी बसणार, संध्याकाळी लिंबूपाणी पिऊन उठणार, दुसऱ्या दिवशी दुसरा. साखळी तुटू द्यायची नाही.

आम्हाला वाटलं, आठवड्यात उठतील. कसचं काय! उन्हाळा गेला, पोळा गेला, दिवाळी गेली, पेंडॉल तिथंच. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही, आणि पैठणीचा भाव सांगावा तर मधेच "मुर्दाबाद!" गिऱ्हाईक दचकून उठून जायचं.

मग सांगा, माझ्यासारख्या माणसाच्या मनात संशय येणार नाही तर काय?

"एवढे दिवस फुकट कोण बसते बे?" मी दुकानात बसून सगळ्यांना विचारायचो. "मागून कोणीतरी देऊन राह्यलं. रोजी भेटते ह्यायले!"

गावही माझ्यासारखंच. एक म्हणे, पैसा परदेशातून येतो. दुसरा म्हणे, पुढच्या निवडणुकीची तयारी आहे. तिसऱ्यानं तर कमाल केली. म्हणाला, "कंपनीच देत असन पैसे. फुकटात नाव होते ना कंपनीचं!" यावर आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. पेंडॉलमध्ये जाऊन विचारावं, असं मात्र एकालाही सुचलं नाही.

माझा सगळ्यात लाडका संशय होता उपासाचा. पेंडॉलच्या मागं एक पडदा होता आणि पडद्यामागं गल्ली. मी छातीठोकपणे सांगायचो, "तिथून डबे येतात. समोर उपास, मागं भाजी-पोळी!" पाहिलं होतं का? नाही. पण पडदा कायले लावला मग?

मॉल झाला तर माझ्या साड्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. शोभानंही विचारलं होतं. पण त्याचं उत्तर माझ्या कानात होतं. कंपनीचा माणूस एकदा दुकानात आला होता. इकडंतिकडं बघून कानाशी लागला, "शेठ, दारातला पहिला गाळा तुमचा. फक्त कोणाले सांगू नका." दुधात बोट बुडवणारा मी, तिथं मात्र बोट बुडवलं नाही. लगेच विश्वास ठेवला!

शेवटी मंडळानं ठरवलं की तहसीलदार साहेबांना निवेदन द्यायचं आणि पेंडॉल उठवायचा. दुपारी चार वाजता माझ्या दुकानापासून शिष्टमंडळ निघणार, पुढे मी. अध्यक्ष रमणशेठ, किराणावाले, म्हणाले, "मधुकरशेठ, नुसत्या निवेदनानं काही होत नाही. पुरावा पाहिजे."

पुरावा! मी तर वाटच बघत होतो.

गजानन मेडिकलवाल्याच्या माडीची खिडकी बरोबर त्या पडद्यामागच्या गल्लीवर उघडते. मी त्याला सकाळीच तिथं मोबाईल घेऊन बसवला आणि बजावलं, "जो मागं खाताना दिसन त्याचं शूटिंग घे. चेहरा साफ आला पाहिजे. फोन वाजला तरी उचलू नको, शूटिंग बंद पडते. अन् कोणाचीही गय करायची नाही. कोणाचीही!"

"हाव शेठ," गजानन म्हणाला. गजानन फार आज्ञाधारक माणूस. देव त्याचं भलं करो. पण जरा उशिरा करो.

माडीवर गजानन, आता समोरून टेहळणी कोण करणार? मीच निघालो. दुपारी तहसीलला जायचं म्हणून पांढरा कडक शर्ट घातलेला, खिशाला पेन. आपण सहज जातोय असं दाखवत पेंडॉलमध्ये शिरलो आणि तिरक्या नजरेनं पडद्याकडे बघू लागलो.

आत जरा गडबड दिसली. त्या दिवशी ज्या हमालाची पाळी होती, तो तापानं फणफणला होता. हे मला नंतर कळलं. पुढची गादी रिकामी होती आणि गादीशेजारी कमलबाई उभ्या होत्या. कमलबाई म्हणजे बाजारात मेथी-पालक विकणारी बाई आणि या आंदोलनाची पुढारी. त्यांच्या हातात होता झेंडूचा हार.

हार!

मी पडदा विसरलो, डबे विसरलो. मला वाटलं, बघा, कितीही विरोध असला तरी माणसं रीत पाळतात. व्यापारी मंडळाचा उपाध्यक्ष दारात आला म्हटल्यावर सत्कार होणारच की!

मान पुढे झाली. डोळे मिटले.

कमलबाई दोन क्षण थांबल्या असाव्यात. मग हार पडला. कपाळाला बुक्का लागला. टाळ्या वाजल्या, आणि साध्या नाही, कडकडून! एवढ्या टाळ्या मला कटिंगच्या दुकानातही मिळाल्या नव्हत्या. एका म्हातारीनं तर माझी दृष्ट काढली. मला जरा भरून आलं. हात पुढे केला, हातात माईक आला.

"या पवित्र कार्यात," मी म्हणालो, "मी तन-मन-धनानं, शेवटच्या श्वासापर्यंत तुमच्यासोबत आहे!"

चौकातली रहदारी थांबली. जालन्याच्या एसटीतून लोकांनी मुंडकी बाहेर काढली.

मी डोळे उघडले आणि नारळासाठी काख मोकळी केली. नारळ काही आला नाही. उलट इंगळे कंडक्टरांनी मला दंडाला धरून गादीवर बसवलं. हे इंगळे एसटीतून रिटायर झालेले, पण बोलणं अजून गाडीतलंच. "चला, सरका पुढं, जागा द्या साहेबाले," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. मी मान वळवून वाचलं.

'आजचे उपोषणार्थी : मधुकरशेठ, उपाध्यक्ष, व्यापारी मंडळ.'

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या गादीवर बसल्या बसल्या कळलं.

"अहो, हे काय?" मी कसाबसा बोललो. "मी तर आपलं... सहज..."

"सहजच येते माणूस," कमलबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी! "भाऊ, आज साखळी तुटत होती. पहिल्या दिवसापासून तुटली नाही. मी हार घेऊन उभी, अन् मनात म्हनलं, आता कोन बसन? अन् तुम्ही सोता मान पुढं केली!"

आमच्या पेंडॉलची रीत अशी, इंगळे सांगू लागले, की ज्याच्या गळ्यात हार पडला त्याचा तो दिवस. मध्ये उठता येत नाही.

आता या बाईला काय सांगू? की बाई, मी तुमच्यावर पाळत ठेवायला आलो होतो, पण मान सवयीची आहे? समोर गावातला एक बातम्यांचा पोर्टलवाला मोबाईल धरून 'लाईव्ह' करत होता. मी हसलो. दुसरं काय करणार?

आणि मग सुरू झाला तमाशा. मी आत आणि गाव बाहेर. रोज मी जिथं बसून बोलायचो, बरोबर तिथंच, माझ्या दुकानाच्या दारात, चार-पाच जण उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"अबे, मधुकरशेठ मॅनेज झाला!"

"फुकट बसते का थो? थो तर गिऱ्हाइकाले पाणीही इचारून पाजते."

"रोजी घेतली असन."

"उपास-गिपास काही नाही गड्या. मागून डबा येते. त्यायनंच सांगतलं होतं मले!"

माझंच वाक्य! मी शिवून दिलेलं, त्याच मापाचं, आणि मलाच घातलेलं. मला एवढा संताप आला म्हणून सांगू! ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही रे! पण ओरडून उपयोग काय? रोज इथं बसणाऱ्या माणसालाही माझ्याकडे बघून हेच ओरडावंसं वाटत असेल ना? पहिल्यांदाच हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि खरं सांगतो, लाज वाटली.

लाज थोडा वेळ टिकली. मग भूक लागली.

तुम्हाला माहीत नाही, मी उपासाच्या बाबतीत फार कच्चा. एकादशीला दोनदा साबुदाणा आणि मध्ये शेंगदाण्याचे लाडू, तेव्हा कुठं माझी भक्ती टिकते. आणि पेंडॉलशेजारच्या हॉटेलात साडेअकराला कचोरीचा घाणा निघतो. त्या वासानं माझ्या डोळ्यांपुढे झेंडे तरंगायला लागले, लाल कोणता आणि निळा कोणता कळेना.

कमलबाईंनी आपली चटई माझ्या पाठीशी गुंडाळून दिली. इंगळे रद्दीच्या पेपरनं वारा घालत होते. "पहिल्यांदा जड जाते साहेब. मलेही गेलं होतं. चार वाजेनंतर भूक मरते."

चार वाजेनंतर! चार वाजता तर शिष्टमंडळ येणार होतं!

तेवढ्यात शोभाचा फोन. "आवो, काय ऐकून राह्यले मी? शेजारीण म्हणते, तुम्ही भांडवलशाही बंद करून राह्यले?"

"भांडवलशाही जाऊ दे," मी तोंडावर हात धरून कुजबुजलो. "डबा आण. मागच्या गल्लीतून ये. पिशवीत वर साडी ठेव, म्हणजे कोणाले दिसणार नाही."

तुमच्या लक्षात आलं ना, मी काय करत होतो ते? माझ्या नाही आलं! ज्या पडद्यामागच्या गल्लीतून डबे येतात असं मी गावभर सांगत फिरलो, तिथूनच मी डबा मागवत होतो. आणि वर खिडकीत कोणाला बसवलंय, हे तर साफ विसरलो होतो.

दोनच्या सुमाराला लघवीचं निमित्त करून पडद्यामागं गेलो. काय होतं तिथं? एक पाण्याचा रांजण, एक झाडू आणि घडी केलेल्या सतरंज्या. ना डबा, ना खरकटं, ना चूल. एवढे दिवस ज्या पडद्यानं माझी झोप उडवली, त्यामागं एक झाडू!

गल्लीच्या तोंडाशी शोभा उभी होती. "हे घ्या, अन् पटकन गिळा. साडीले तेल लावू नका."

वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी भिंतीला टेकून उभ्यानंच सुरू केलं. तिसरा घास तोंडात असताना ठेचा लागला, ठसका आला, डोळ्यांत पाणी आलं, मान वर गेली.

वर खिडकी. खिडकीत गजानन. गजाननच्या हातात मोबाईल.

मी भाकरीसकट दोन्ही हात हलवले. नको! बंद कर! गजाननानं अंगठा वर केला आणि खुणेनं सांगितलं, जरा उजेडात या, चेहरा साफ येऊ द्या. सकाळी सांगितलं होतं ना, कोणाचीही गय करायची नाही! फोन लावला, तर उचलेना. तेही मीच सांगितलेलं.

गादीवर परत येऊन बसलो तेव्हा पोट भरलं होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कमलबाई म्हणाल्या, "भाऊ, तोंड कसं लाल झालं. चक्कर येते का? लिंबूपानी लवकर देऊ का?" एवढ्या मायेनं विचारलं हो! तो ठेचा मग पोटात दुप्पट जळायला लागला.

चार वाजता शिष्टमंडळ आलं. मला वाटलं, आता हे माझी सालटी काढणार. पण रमणशेठांनी मला बाजूला घेतलं आणि पाठीवर थाप मारली. "वा मधुकरशेठ! मानलं तुम्हाले! काय डोकं! पुरावा भेटत नव्हता तं सोताच आत घुसले, उपोषणाले बसले, अन् सोताच जेवले!"

एवढी हुशारी माझ्या अंगाला कोणी पहिल्यांदाच चिकटवत होतं.

माडीवरून उतरलेल्या गजाननानं व्हिडिओ दाखवला. आधी पडदा, मग भाकरी, मग माझा चेहरा. "तुमचा चेहरा पुसून टाकतो," तो म्हणाला. "साहेबाले सांगू, पाहा, इथले उपोषणवाले असे जेवतात. आज संध्याकाळी पेंडॉल उठला समजा."

"उठलाच," रमणशेठ हात चोळत म्हणाले. "अन् पेंडॉल उठला की दारातला पहिला गाळा माझा पक्का. कंपनीवाल्यानं कानात सांगतलं."

"तुमचा?" गजाननचा चेहरा उतरला. "थो तर मले देल्ला आहे! मलेही कानातच सांगतलं!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी दोघांकडे बघत राहिलो. माझा कान गरम झाला. मी अख्ख्या गावाला विचारत फिरत होतो की ह्या लोकांना कोणी विकत घेतलं. आणि मला कोणीतरी कानातल्या एका वाक्यावर घेऊन टाकलं होतं, तेही तीन कानांना एकच गाळा देऊन!

मागं वळून पाहिलं. कमलबाई लिंबू चिरत होत्या. माझ्यासाठी. या बाईनं पाऊसपाण्यात, सणासुदीत ही साखळी सांभाळली, आणि ती आता माझ्या भरीत-भाकरीवर मोडणार होती. मी गप्प बसलो तर व्यापाऱ्यांत हुशार ठरत होतो, बोललो तर गावात मूर्ख. काय करावं? मला एकदम त्या झाडूची आठवण झाली. खोटं बोलवेना.

माईक ओढला. "थांबा! एक सांगायचं आहे. या पेंडॉलमागं आजवर कोणी जेवलं नाही. जेवलो तो मी. मी उपासाला आलोच नव्हतो. मी आलो होतो तुमची चोरी पकडायला. हार दिसला, मला वाटलं सत्कार आहे, म्हणून मान पुढे केली. व्हिडिओ गजाननकडे आहे, कोणाला पाहायचा असेल तर पाहा. चेहरा साफ आला आहे."

मागून कोणीतरी खिदळलं आणि सगळा चौक हसत सुटला. रमणशेठ चपला शोधायला लागले. शिष्टमंडळ तहसीलकडे न जाता आपापल्या दुकानांकडे गेलं. गर्दीतला एक जण मात्र म्हणालाच, "यातही काहीतरी डाव असन बे त्याचा!"

फक्त कमलबाई हसल्या नाहीत. हातातलं लिंबू त्यांनी खाली ठेवलं. "म्हंजे साखळी तुटली," त्या म्हणाल्या.

मी हात जोडले. "बाई, चुकलो."

"कुठं तुटली?" इंगळे कंडक्टर मध्येच बोलले. "पॅसेंजर गाडीत बसला, तिकीट नव्हतं काढलं. आता काढायचं. उपास मोडला तं दुसऱ्या दिवशी पुरा करतात का नाही?"

कमलबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. दुधात बोट बुडवून बघतात ना, तसं. मग आतून उद्याचा हार घेऊन आल्या. ताजा, झेंडूचा, मध्ये शेवंती. माझ्यापुढे धरला, गळ्यात घातला नाही, नुसता धरला.

मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, या जन्मात आता सत्कार नाही. मान ताठ ठेवायची. पाठ मागे घ्यायची. डोळे उघडे.

मान पुढे झाली. डोळे मिटले.

टाळ्या सुरू झाल्या, आणि गर्दीच्या मागून आमच्या शोभाचा आवाज आला, "आवो, हार घालून घ्या, पण भाषण नका करू!"

पण माईक हातातच होता.